पौषातली मरळ

कडूबाईच्या आधी तिच्या आईची तीन लेकरं गेली होती. चौथी मुलगी झाली, तेव्हा मरणाला ती गोड लागू नये म्हणून तिचं नाव कडू ठेवलं. ती जगली. पंधराव्या वर्षी लग्न होऊन उंबरदऱ्याला धुळाजी धनगराची सून म्हणून आली.

उंबरदरा घाटनांदुरापासून दोन कोसांवर, बालाघाटाच्या घडीत बसलेलं चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला कुणी कधीकाळी घातलेला दगडी बांध, असं एक तळं होतं. तळ्यात मासळी होती; तिचा गुत्ता, म्हणजे सरकारी ठेका, बाहेरच्या माणसाच्या नावावर असे. ती धरायचं काम गावातल्या एकुलत्या एका भोयाच्या घराकडं, म्हणजे आप्पा भोई आणि त्याच्या लेकाकडं होतं. धनगरांचा तळ्याशी संबंध मेंढरांना पाणी पाजण्यापुरता. दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन डोंगर उतरत, गेवराईच्या बाजूला नदीकाठी गंगथडीला जात आणि शिमग्याच्या आसपास परत येत. कडूबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा सिदू मेंढरांमागं गेला की घरात ती, सासरा धुळाजी आणि लांब चालू न शकणाऱ्या चार-पाच लंगड्या मेंढ्या एवढीच राहत.

फसली तेराशे अठ्ठावीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठरा सालच्या दसऱ्याच्या सुमाराला मानमोडीची साथ आली. माणूस सकाळी धडधाकट असायचा, दिवस मावळायच्या आत तापानं फणफणून मान टाकायचा. उंबरदऱ्यात तीन आठवड्यांत एकतीस माणसं गेली. आप्पा भोई आणि त्याचा लेक एकाच दिवशी गेले. मागं राहिली आप्पाची बायको बायडाबाई. तिनं दाराला आतून कडी घातली, ती कुणी हाक मारली तरी काढीना.

धुळाजीलाही ताप आला होता, पण म्हातारा वाचला. दिवाळीला तो उठून बसला, तेव्हा सिदूला धीर आला आणि तो मेंढरं घेऊन निघाला. यंदा पाऊस लई कमी पडला होता, डोंगरावर चारा नव्हता, थांबून चालणार नव्हतं. सिदू गेला आणि आठवड्याभरात म्हाताऱ्याचं अन्न तुटलं. भाकरी तोंडात फिरायची, दूध पोटात ठरत नव्हतं. मार्गशीर्ष संपता संपता त्याचे हात काटकीसारखे झाले.

कडूबाईनं शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली आणि सासऱ्याला मोमिनाबादेला हकिमाकडं नेलं. हकिमांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, पोट चाचपलं.

"दुखणं गेलंय," ते म्हणाले, "पण माणूस रिकामा झालाय. औषधानं भरणार नाही. मरळ मासा मिळतो का तुमच्याकडं?"

"मिळायचा," कडूबाई म्हणाली.

"त्याचा शोरवा पाजा. तिखट नको. पातळ करून, थोडा थोडा. महिनाभर पाजाल तर म्हातारा उभा राहील."

परत येताना गाडीत धुळाजी घोंगडीत गुरफटून पडला होता. तो म्हणाला, "पोरी, भोई तर गेले. आता कुठली मरळ? ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी कडूबाईनं बायडाबाईच्या दारात जाऊन हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तेव्हा दार किलकिलं झालं.

"कावून बसलीस?" बायडाबाईनं विचारलं. तिचा आवाज वापरात नसलेल्या रहाटासारखा झाला होता.

"मावशी, मला मरळ धरायची हाय. जाळं द्या."

बायडाबाईनं दार आणखी उघडलं. "तू धनगराची."

"व्हय."

"जाळ्यानं न्हाई व्हायचं. पौषात मरळ गाळात दगडासारखी पडून ऱ्हाती. तिच्या अंगावरून जाळं गेलं तरी ती हलत न्हाई. आमचं माणूस थंडीत गळ टाकायचं. काठावर बसून. पण तेबी धा दिवसांत एखांदी."

ती आत गेली आणि वळचणीतून वेळूची काठी काढून आणली. घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेली दोरी काठीभोवती गुंडाळलेली होती आणि टोकाला लोहारानं घडवलेला करंगळीएवढा गळ होता. ते सगळं कडूबाईच्या हातात देताना तिनं एक गोष्ट सांगितली. "मरळ पाण्यातली असली तरी तिला हवा घ्यायला वर यावं लागतं. थंडीत लई उशिरा येती, पण येती. पाण्यावर बुडबुडा फुटला की समज तिथं हाय. गळ तिच्या तोंडापुढं ठेवायचा अन् हलवायचा न्हाई. तिला पळायचा कंटाळा असतो."

गांडुळं कुठं मिळतील, हे मात्र कडूबाईला कुणी सांगावं लागलं नाही. बाहेरची जमीन थंडीनं आवळून गेली होती, पण मेंढवाड्यातला लेंड्यांचा ढीग आतून उबदार असतो. तिनं तो उकरला आणि मूठभर गांडुळं मडक्यात घेतली.

पहिले आठ दिवस काही लागलं नाही. बांधावरच्या दगडांवर बसून ती गळ टाकायची. वारा डोंगरावरून सरळ पाण्यावर उतरायचा आणि पाण्यावरून तिच्या अंगावर यायचा. बोटं इतकी बधिर व्हायची, की गांडूळ गळाला लावताना गळ बोटात शिरला तरी कळायचं नाही, रक्त दिसलं की कळायचं. पाणी काळं आणि गप्प होतं. गावच्या बाया धुणं घेऊन यायच्या आणि तिला बघून तोंडाला पदर लावायच्या. "धनगराची सून भोई झाली गं," एकजण तिला ऐकू जाईल असं बोलली. घरी धुळाजी रोज विचारायचा, "मिळाली का?" नवव्या दिवशी त्यानं विचारणंही सोडलं. तिला ते जास्त लागलं.

त्या दिवशी ती लंगड्या मेंढ्यांना घेऊन पाण्यावर गेली होती. मेंढ्या बांधाजवळ पाण्याला तोंड लावेनात. नाक आखडून मागं सरकल्या आणि काठाकाठानं लंगडत तळ्याच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं मात्र पोटभर प्यायल्या. कडूबाई इतकी वर्षं हे बघत आली होती, पण तिनं त्याचा कधी विचार केला नव्हता. ती तिथं गेली आणि हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं. डोंगराच्या पोटातून एक उमाळा तिथं तळ्याखाली फुटत होता, आणि सकाळच्या गारठ्यात त्या कोपऱ्यावर चुलीवरच्या भांड्यासारखी वाफ धरली होती.

तिनं मेंढ्या तशाच सोडल्या आणि काठी आणायला घरी पळाली.

त्या कोपऱ्यात ऊन डोक्यावर येईपर्यंत ती बसली. मग काठापासून चार हातांवर एक बुडबुडा फुटला, अगदी बारीक. तिनं गळ तिथं सोडला आणि काठी हलू न देता बसली. बराच वेळ गेल्यावर दोरी हळूच एका बाजूला सरकली, कुणी झोपेत पांघरूण ओढावं तशी. तिनं काठी उचलली आणि पाण्याखाली काहीतरी जिवंत आणि जड उलटंपालटं झालं. काठी वाकली. दोरी तळहाताला कापत गेली. काठी मोडेल या भीतीनं ती कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि मासा पदरात गुंडाळून, पोटाशी धरून काठावर येऊन पडली. सापासारखं डोकं, अंगावर काळेभोर पट्टे. मरळ दोन-अडीच शेरांची तरी होती.

ती कुडकुडत गावातून चालत गेली, पण सरळ घरी गेली नाही. आधी बायडाबाईकडं गेली.

"मावशी, चिरून द्या. मला येत न्हाई."

बायडाबाईनं मासा दोन हातांत घेतला आणि तोंडाला पदर न लावता रडली. साथीनंतर ती पहिल्यांदाच रडत होती. मग तिनं विळी काढली. अर्धी मरळ कडूबाईनं तिच्याकडंच ठेवली. "तुमीबी कुठं जेवलाय," एवढंच म्हणाली.

हळद, मीठ, लसणाची एक पाकळी. धुळाजीनं पहिली वाटी अर्धी सोडली. तिसऱ्या दिवशी त्यानं ती सगळी प्यायली आणि म्हणाला, "आणि हाय का?"

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. साथीतून वाचून धुळाजीसारखी खाटेला खिळलेली माणसं पाच-सहा घरांत होती. त्यांच्या घरच्या बाया, ज्यांनी तोंडाला पदर लावला होता त्याही, कडूबाईच्या दारात आल्या. तिनं बायडाबाईला बरोबर घेतलं आणि सगळ्यांच्या खाटेशी जाऊन आली. कुणाच्यात किती जीव उरलाय ते दोघींनी पाहिलं आणि ठरवलं, की जो जास्त खचलाय त्याला आधी. पहिला नंबर मुंजाजीचा. मुंजाजी सालगडी होता, तिशीतला. त्याचे डोळे खोल गेले होते. त्याची बायको तुळजाबाई कडूबाईचा हात सोडेना.

"पुढची मरळ तुमची, तुळजाबाई," कडूबाई म्हणाली.

पुढची मरळ पाचव्या दिवशी लागली. लहान होती, शेरभराची. त्या सकाळी धुळाजी भिंतीला धरून पहिल्यांदा अंगणात आला होता आणि उन्हात बसला होता. कडूबाई मासा घेऊन येताना त्यानं तिला लांबून पाहिलं आणि लहान लेकरासारखा हसला. त्याच्याकडचं आदल्या दिवशीच संपलं होतं. कडूबाई अंगणात उभी राहिली. लहान मरळ, दोघांत वाटली तर कुणालाच पुरायची नाही. मुंजाजीला उद्या-परवा दुसरी मिळेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि मासा सासऱ्यासाठी चुलीवर घातला.

उद्या काही लागलं नाही. परवाही नाही. आभाळ भरून आलं, वाऱ्याला आणखी धार आली. ती उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत उमाळ्यावर बसून राहायची. सहाव्या दिवशी मोठी मरळ लागली. ती घेऊन ती धावतच मुंजाजीच्या घराकडं गेली, तर दारात माणसं जमली होती आणि तिरडीसाठी बांबू तोडणं चाललं होतं. मुंजाजी सकाळीच गेला होता.

मासा अजून कडूबाईच्या हातात तडफडत होता. तुळजाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी कडूबाई तिच्याकडं गेली आणि जे होतं ते सांगितलं. "मधी एक मरळ घावली होती. ती तुमची होती. मी आमच्या मामंजीला घातली."

तुळजाबाई दळत होती तशी दळत राहिली. मग जात्याचा खुंटा सोडून म्हणाली, "तिनं त्यो वाचला असता का न्हाई, त्ये मला ठावं न्हाई. पण तू माझ्या दारात येऊ नगंस."

कडूबाई उठली. त्यानंतर तिच्यात फरक पडला असं बायडाबाई पुढं सांगायची. सासऱ्याला तिनं पुढचे सगळे दिवस दूध-कण्यांवर ठेवलं. धुळाजीनंही कधी मरळ मागितली नाही, त्याला सगळं कळलं होतं. आणि जो क्रम दोघींनी ठरवला होता त्यात ती केसाचाही फरक होऊ देईना.

अशात पाटलाच्या वाड्यातून निरोप आला. विठ्ठलराव पाटलांची सून गीताबाई साथीतच बाळंत झाली होती. मूल जगलं होतं, पण तिच्या अंगावर दूध राहिलं नव्हतं आणि ती उठू शकत नव्हती. पाटलांचा गडी बंकट तळ्यावर आला.

"पाटलांनी सांगितलंय, आज मरळ लागली की वाड्यावर आणून दे."

"आज कौशल्याबाईची हाय," कडूबाई पाण्यावरची नजर न काढता म्हणाली. कौशल्याबाई म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी कुंभारीण. "वाड्याचा नंबर तिच्यानंतर."

"अगं, पाटलांचा निरोप हाय ह्यो!"

"ऐकला की."

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव स्वतः आले. उंच, जाड मिशांचे, अंगावर शाल, हातात काठी. साठी उलटली होती तरी त्यांच्या आवाजानं बैल थांबत. ते काठावर उभे राहिले.

"कडूबाई, तळं सरकारचं हाय, मासळीचा गुत्ता दुसऱ्याच्या नावावर हाय. मी डोळे झाकलेत म्हणून तू इथं बसलीस."

"व्हय पाटील."

"मग?"

कडूबाईनं काठी खाली ठेवली आणि उभी राहिली. तिचे ओठ थंडीनं निळे पडले होते. "पाटील, मी एकदा माझ्या माणसासाठी दुसऱ्याचा नंबर मोडला. मुंजाजी गेला. तुमचाच गडी होता तो. आता तुमी म्हणालात म्हणून पुन्हा मोडला, आणि ती कुंभारीण गेली, तर मी कुठं जाऊ?" मग तिनं काठी उचलून त्यांच्यापुढं धरली. "तुमी धरा. तुमाला घावली तर तुमची. माझा नंबर मी धरलेल्या मरळीला हाय."

बंकट मागं उभा होता, त्याला वाटलं आता पाटलांची काठी हिच्या पाठीत बसते. पण विठ्ठलरावांनी वेळूची काठी हातात घेतली. बहुतेक रागानंच घेतली असावी. ते दगडावर बसले. कडूबाईनं गांडूळ लावून दिलं, कुठं बघायचं ते दाखवलं आणि मेंढ्यांकडं निघून गेली.

पाटील दुपारपर्यंत बसले. बंकटानं घोंगडी आणून पाठीवर टाकली. एकदा बुडबुडा फुटला, त्यांनी घाईनं गळ ओढला आणि दोरी त्यांच्याच पागोट्यात अडकली. बंकट दुसरीकडं बघू लागला. उन्हं कलली तेव्हा त्यांना गुडघे सरळ करता येईनात. कडूबाई आणि बंकट यांनी दोन्हीकडून धरून त्यांना उठवलं.

"रोज असंच बसतीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंकट बैलगाडीत ओंडके घेऊन आला आणि उमाळ्यापासून दहा पावलांवर, मासे बिचकणार नाहीत अशा बेतानं, आगटी पेटवून गेला. शिवरात्रीपर्यंत ती आगटी रोज पेटत होती. त्याच दिवशी कौशल्याबाईची मरळ लागली. त्यानंतर चार दिवसांनी जी लागली ती वाड्यावर गेली. गीताबाईला उठायला महिना लागला. मूल मात्र तिच्याजवळ राहिलं नाही, माघाच्या शेवटी गेलं. गीताबाई पुढं पुष्कळ जगली, तिला आणखी चार मुलं झाली, आणि ती कडूबाईला कधी नावानं हाक मारत नसे, ताई म्हणे.

शिवरात्रीनंतर थंडी ओसरली. मरळी उमाळा सोडून तळ्यात पांगल्या आणि गळाला लागेनाशा झाल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर गुत्तेदार आपली माणसं घेऊन आला, तेव्हा त्याच्या कानावर कुणीतरी घातलंच होतं.

"थंडीत तळ्यावर कोण गळ टाकत होतं, पाटील?"

"मी टाकला होता एक दिवस," विठ्ठलराव म्हणाले. "काही लागलं नाही."

सिदू शिमग्याला परत आला. वाटेतच लोकांनी त्याला सगळं सांगितलं होतं, मुंजाजीचंही. तो आला तेव्हा धुळाजी ओट्यावर बसून लोकर पिंजत होता. सिदूनं अंगणातूनच बापाकडं डोळे भरून पाहिलं. मग मागच्या दारी गेला. कडूबाई मेंढ्यांची खुरं तासत होती. सिदूनं तिच्या हातांकडं पाहिलं. दोन्ही तळहातांवर दोरीचे काळे वळ होते आणि दोन बोटं नीट मिटत नव्हती.

"मला कुणाकरवी सांगावा कावून धाडला न्हाईस?" तो म्हणाला.

"तुमी काय केलं असतं?"

"आलो असतो."

"आन् मेंढरं?"

सिदू तिच्याजवळ बसला आणि त्यानं तिच्या हातातली मेंढी स्वतःकडं ओढून घेतली.

धुळाजी त्यानंतर चार वर्षं जगला. कडूबाई दरसाल पौष लागला की उमाळ्यावर जायची. आता बायडाबाईही बरोबर असायची, दोघी आगटी पेटवून शेजारी बसायच्या. हंगामातली पहिली मरळ ती कुणाच्या तरी हाती तुळजाबाईकडं पाठवायची. पहिल्या दोन वर्षी ती परत आली. तिसऱ्या वर्षी आली नाही. चौथ्या वर्षी कडूबाई आणि बायडाबाई कोपऱ्यात बसल्या असताना मागून पावलं वाजली. तुळजाबाई डोक्यावर जळणाची मोळी घेऊन डोंगरावरून उतरत होती. ती थांबली, मोळी खाली टाकली आणि दोघींपासून जरा लांब, दगडावर बसली.

"लागतंय का काही?" तिनं विचारलं.

"अजून न्हाई," कडूबाई म्हणाली.

तुळजाबाईनं मोळीतली चार लाकडं ओढून काढली आणि विझत आलेल्या आगटीवर टाकली.